डीमॅटवर दोघांचं नाव आहे, मग शेअर्स कोणाचे? जॉईंट होल्डर, नॉमिनी आणि वारस



मागच्या आठवड्यात डीमॅट खात्यावर व्हिडिओ टाकला आणि त्याखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "सर, बायकोचं नाव नॉमिनीत आहे, मग टेन्शन नाही ना?" "सर, भाऊ आणि मी जॉईंट आहोत, एकाचं काही झालं तर दुसऱ्याला सगळं मिळतं ना?" व्हिडिओत सात-आठ मिनिटांत हे नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, थोडं मोठं आहे.

सुरुवात एका उदाहरणाने करू. माणसं काल्पनिक आहेत, पण अशी घरं तुमच्या गल्लीतही सापडतील.

समजा इचलकरंजीत एक रंगाचे दुकानदार आहेत. चोविसाव्या वर्षी, लग्नाच्या आधी त्यांनी डीमॅट उघडलं. फॉर्म भरताना ब्रोकरच्या माणसाने विचारलं, "नॉमिनी कोण?" शेजारी धाकटा भाऊ बसला होता, त्याचं नाव टाकलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, दुकान वाढलं, दर महिन्याला थोडे थोडे शेअर्स घेत गेले. फॉर्मवरचं नाव तेच राहिलं. शेहेचाळिसाव्या वर्षी ते अचानक गेले. खात्यात १८ लाखांचे शेअर्स. मृत्युपत्र नाही. घरात पत्नी, मुलगी आणि त्यांची आई.

आता सांगा, शेअर्स कोणाचे?

बहुतेक जण म्हणतात, "नॉमिनी भाऊ आहे, म्हणजे भावाचे." काही म्हणतात, "बायकोचे, अजून कोणाचे?" दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा वाटा. (आधीच गेलेल्या मुला-मुलीची पोरं असतील तर त्यांना त्यांच्या आई-बापाचा वाटा.) म्हणजे या घरात पत्नीला ६ लाख, मुलीला ६ लाख आणि आईला ६ लाख. भावाचा वाटा शून्य. पण डिपॉझिटरी शेअर्स कोणाच्या खात्यात टाकणार? भावाच्याच. कारण फॉर्मवर नाव त्याचं आहे.

इथेच घरं फुटतात बघा. भावाला खरंच वाटतं की दादाने मला दिलं. वहिनीला वाटतं, दीर लुबाडतोय. आणि दोघांपैकी कोणाच्या मनात खोट असेलच असं नाही. फॉर्मवरच्या एका ओळीचा अर्थ दोघांनी वेगळा लावलेला असतो, एवढंच.

तीन प्रश्न वेगळे ठेवा

माझ्या बॅचमध्ये मी फळ्यावर तीन शब्द लिहितो: सही, ताबा, मालकी.

सही म्हणजे माणूस हयात असताना खातं कोण चालवू शकतो. ताबा म्हणजे तो गेल्यावर ब्रोकर आणि डिपॉझिटरी शेअर्स कोणाच्या खात्यात टाकणार. मालकी म्हणजे शेवटी कायद्याने ते कोणाचे. जॉईंट होल्डर हा पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आहे. नॉमिनी हा फक्त दुसऱ्याचं. तिसऱ्याचं उत्तर मृत्युपत्र देतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा. आपण काय करतो, तर तिन्हीची खिचडी करतो.

नॉमिनी मालक का नाही?

"सर, शेअर्सचं वेगळं आहे, तिथे नॉमिनीच मालक होतो," असं अजूनही बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ते अगदीच हवेत बोलत नाहीत. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितलं होतं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा. पण शेअर्सच्या बाबतीत कंपनी कायद्याचे शब्द वेगळे आहेत. त्यात शेअर्स नॉमिनीकडे 'व्हेस्ट' होतात असं लिहिलंय. त्या शब्दावर बोट ठेवून २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात नॉमिनीला मालक मानलं गेलं. त्या प्रकरणात पतीने डीमॅटला पुतण्याला नॉमिनी केलं होतं आणि शेअर्सवर हक्क सांगणारी होती त्याची विधवा पत्नी. निकाल पुतण्याच्या बाजूने गेला. आपल्या इचलकरंजीच्या उदाहरणाशी ताडून बघा, म्हणजे पोटात गोळा का येतो ते कळेल.

पुढे हा प्रश्न परत वर आला तो एका अशा घरातून, ज्यांचं कॅलेंडर तुमच्या भिंतीवर असण्याची दाट शक्यता आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं आणि काही गुंतवणुकींना नॉमिनी दिलेले होते. नॉमिनींचं म्हणणं असं की नाव आमचं आहे, तर मालकीही आमचीच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि मग खंडपीठाने २०१६ मध्ये हे मान्य केलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या निकालात, प्रश्न मिटला. कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन म्हणजे वारसाहक्काचा तिसरा मार्ग नव्हे. नॉमिनीकडे शेअर्स येतात, पण मृत्युपत्राने किंवा कायद्याने ज्यांचा हक्क आहे त्यांचा तो हक्क जात नाही.

मग नॉमिनी ठेवायचाच कशाला? ठेवायचा, नक्की ठेवायचा. कारण नॉमिनी असला की कागद कमी लागतात. ट्रान्समिशनचा फॉर्म, मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत, नॉमिनीची केवायसी आणि त्याच्या डीमॅटचा क्लायंट मास्टर रिपोर्ट, मुख्यतः एवढंच. नॉमिनी नसला तर डीमॅटमध्ये एका खात्यामागे १५ लाखांपर्यंत शपथपत्र, नुकसानभरपाईचा बाँड आणि बाकीच्या वारसांची ना हरकत अशा कागदांवर काम होऊ शकतं. त्याच्या वर गेलं की साधारणपणे कोर्टातून वारसा प्रमाणपत्र किंवा प्रोबेट मागतात. तिथे महिनोन् महिने जातात. आणि त्या काळात बाजार थांबत नाही, खाली पडला तरी तुम्ही फक्त बघत बसता.

आता जॉईंट खातं

पहिली गोष्ट, डीमॅट आणि ट्रेडिंग ही दोन वेगळी खाती आहेत. डीमॅट म्हणजे तिजोरी, ट्रेडिंग म्हणजे काउंटर. डीमॅट जास्तीत जास्त तिघांच्या नावाने असू शकतं: एक पहिला धारक आणि दोन जोडधारक. व्यक्तीचं ट्रेडिंग खातं मात्र एकाच्याच नावाने असतं. त्यामुळे तिजोरीवर दोन नावं आणि काउंटरवर एकच माणूस, असं चित्र दिसतं. डीमॅट उघडताना सगळे धारक ब्रोकरला सह्यांनी अधिकार देतात, म्हणून मोबाईलवरून विक्री होते. तो अधिकार दिलेला नसेल तर स्लिपवर सगळ्यांच्या सह्या लागतात. बँकेच्या 'दोघांपैकी कोणीही एक' या सवयीने इथे विचार करू नका.

दुसरी गोष्ट, चालू खात्यात मागाहून नाव घुसवता येत नाही. "सर, बायकोचं नाव ॲड करून घेतो उद्या," असं कोणी म्हणालं की मी थांबवतो. नवं जॉईंट डीमॅट उघडावं लागतं आणि जुन्यातले शेअर्स त्यात वळवावे लागतात. तसं करण्याआधी सीएशी पाच मिनिटं बोला, कारण पैसा नवऱ्याचा आणि नाव बायकोचं घातलं म्हणून कर बायकोच्या नावावर जात नाही. उत्पन्न नवऱ्याच्याच खात्यात मोजलं जातं. अज्ञान मुलाला जोडधारक करता येत नाही. नॉमिनी करता येतं, पालकाचं नाव देऊन.

आता मुद्द्याचं. जोडधारकांपैकी एक गेला की काय होतं?

उरलेला धारक मृत्यूचा दाखला आणि फॉर्म देतो, गेलेल्याचं नाव निघतं, शेअर्स उरलेल्याच्या नावाने होतात. बहुतेक वेळा त्यासाठी उरलेल्या धारकांच्या नावाने नवं डीमॅट उघडावं लागतं. कोर्ट नाही, वारसांची ना हरकत नाही. नॉमिनीचा नंबर इथे लागतच नाही! नॉमिनी पुढे येतो तो सगळे धारक गेल्यावरच. त्यामुळे जॉईंट खात्यात भावाचं नाव नॉमिनीला असलं तरी वहिनी हयात असताना शेअर्स भावाकडे जात नाहीत. इचलकरंजीच्या घरात पत्नी जोडधारक असती तर ती पहिल्याच महिन्यात सावरली असती.

पण थांबा, इथेच लोक दुसरी चूक करतात. उरलेल्या धारकाचं नाव राहिलं याचा अर्थ कंपनी आणि डिपॉझिटरी फक्त त्यालाच ओळखतात. लाभांश त्याला, बोनस त्याला, विक्री तो करणार. घरातल्या बाकीच्या वारसांचं तोंड त्याने बंद होत नाही. वाद कोर्टात गेला तर प्रश्न विचारला जातो की पैसा कोणाचा होता आणि दुसरं नाव का घातलं होतं. सोयीसाठी की द्यायच्या इराद्याने? सगळा पैसा नवऱ्याच्या दुकानातून आला असेल आणि बायकोचं नाव सोयीसाठी असेल, तर सासूबाई आपला तिसरा हिस्सा मागू शकतात. मुलगीही मागू शकते.

हेच भावा-भावांच्या खात्यात जास्त बोचतं. धंद्याच्या नफ्यातून दोघांनी मिळून शेअर्स घेतले, मोठ्याचं नाव पहिलं, धाकट्याचं दुसरं. मोठा गेला. कागदावर सगळं धाकट्याकडे. मोठ्याची बायको म्हणते, निम्मं आमचं. धाकटा म्हणतो, कागद बघा. खरं उत्तर कुठे आहे? दुकानाच्या वहीत आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. कोणी किती टाकले हे लिहून ठेवलेलं असेल तर भांडण दहा मिनिटांत संपतं. म्हणून भागीदारांना माझा आग्रह असतो, की साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सहीने दरवर्षी टिपण करा: या खात्यात माझे इतके, तुझे इतके. लाजायचं काय त्यात? गिऱ्हाईकाची उधारी लिहितोच ना आपण.

पहिल्या आठवड्यात होणारी चूक

हे वेगळं सांगतो, कारण यात चांगली माणसं अडकतात.

माणूस गेला की त्याचा मोबाईल बायकोच्या किंवा मुलाच्या हातात असतो. पिन माहीत असतो, ओटीपी येतो. दवाखान्याचं बिल, दिवसकार्याचा खर्च, दुकानाचे देणेकरी. कोणीतरी सुचवतं, "शेअर्स विकून टाक पटकन, खातं बंद व्हायच्या आत." कृपा करून हे करू नका. ब्रोकरला दिलेला अधिकार, मुखत्यारपत्र, सगळं त्या माणसाच्या मृत्यूबरोबर संपतं. मृत्यूच्या तारखेनंतरची विक्री रेकॉर्डवर लख्ख दिसते. पैसे घरखर्चालाच गेले असले, तरी उद्या दुसरा वारस "परस्पर विकले" म्हणू शकतो आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

त्याऐवजी कळवा. १ जानेवारी २०२४ पासून सेबीने यासाठी एक सोय केली आहे. एका ब्रोकरला किंवा फंड हाऊसला मृत्यूची खबर आणि दाखला दिला, की केवायसीच्या यंत्रणेतून ती बाकीच्यांपर्यंत जाते. खात्यातून शेअर्स बाहेर जाणं थांबतं, म्हणजे दुसऱ्या कोणालाही परस्पर काढता येत नाहीत. ही कुलूपबंदी तुमच्या विरोधात नसून तुमच्यासाठीच आहे.

घाईने विकून कर वाचतो असंही नाही. वारसाने शेअर्स नावावर आले म्हणून आपल्याकडे कर लागत नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली. पुढे विकाल तेव्हा भांडवली नफ्यावर कर. आणि तो मोजताना खरेदीची किंमत गेलेल्या माणसाची धरतात, त्याने ठेवलेला काळही तुमच्या काळात मिळवतात. त्यामुळे त्यांच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स रद्दीत देऊ नका.

ताईंनो, तुमच्यासाठी एक परिच्छेद

बचत गटातून, टेलरिंग, मसाले, पार्लर अशा धंद्यातून स्वतःच्या कमाईचे शेअर्स आणि फंड घेणाऱ्या कितीतरी जणी आता बॅचला येतात. त्यांना हे माहीत नसतं: हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर आधी मुलं आणि पती. पती नाही, मूल नाही, तर तिची स्वतःची कमाई पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. म्हणजे ज्या सासरने विधवा सुनेला घराबाहेर काढलं, त्या सासरकडे तिचं डीमॅट जाऊ शकतं, आणि म्हातारी आई बघत राहते. सर्वोच्च न्यायालयापुढे २००९ मध्ये जवळपास असंच प्रकरण आलं होतं आणि निकाल कायद्याच्या शब्दाप्रमाणेच लागला. (माहेरकडून वारसाने आलेलं असेल तर ते मूल नसताना वडिलांच्या वारसांकडे परत जातं, तो नियम वेगळा.) आईला नॉमिनी केलंत तरी मालकीचा प्रश्न सुटत नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल. इथे मृत्युपत्रच लागतं. मला विचाराल तर हा नियम आजच्या काळाला धरून नाही, पण कायदा बदलेपर्यंत आपण आपला कागद करून ठेवायचा.

हे सगळं हिंदू कायद्याचं झालं, ज्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू होतो, आणि तिथे मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं. ख्रिस्ती आणि पारशी यांच्यासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. गोव्यातल्या वाचकांनो, तुमचं सगळ्यांत निराळं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर सहसा पती-पत्नीच्या मालमत्तेत निम्मा निम्मा हक्क असतो आणि मुलं असताना मृत्युपत्राने आपल्या वाट्यातलं अर्धंच मनाप्रमाणे देता येतं. तिथल्या वकिलाशीच बोला.

मग आज काय करायचं?

मोबाईलवर ब्रोकरचं ॲप उघडा आणि प्रोफाइलमध्ये नॉमिनीचं नाव वाचा. पाठ आहे म्हणून सांगू नका, वाचा. लग्नाआधीचं खातं असेल तर आईचं, भावाचं, कधी कधी वारलेल्या वडिलांचं नाव निघतं. बदलायला ऑनलाइन काही मिनिटं लागतात. एकापेक्षा जास्त नॉमिनी देता येतात, टक्केवारी लिहून. जे म्युच्युअल फंड डीमॅटच्या बाहेर आहेत त्यांचा नॉमिनी वेगळा असतो, तोही बघा. एचयूएफच्या खात्याला नॉमिनी देताच येत नाही, म्हणून तिथे शोधत बसू नका.

मग मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, त्यांच्यासमोर सही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. शेअर्सची यादी त्यात लिहू नका, ती दर महिन्याला बदलते. डीमॅट खात्याचा क्रमांक लिहा आणि "या खात्यात त्या वेळी जे असेल ते" असं लिहा. आणि जमलं तर नॉमिनीला जे नाव, मृत्युपत्रातही तेच नाव ठेवा. ताबा आणि मालकी एकाच माणसाकडे गेली की भांडायला काही उरत नाही. वेगळी ठेवायचीच असतील, समजा मुलगा परदेशात म्हणून नॉमिनी पुतण्या, तर मृत्युपत्रात स्पष्ट लिहा की पुतण्या फक्त स्वीकारणार आहे, आणि पुतण्यालाही आजच सांगा.

आधीच माणूस गेलेला असेल आणि शेअर्स दुसऱ्याच्या ताब्यात गेले असतील, तर आधी घरात बसून बोला. बऱ्याच घरांत आई किंवा लग्न झालेली बहीण आपणहून हिस्सा सोडते. लग्न झालेल्या मुलीलाही हक्क पूर्ण असतो, त्यामुळे ती सोडत असेल तर रीतसर हक्कसोडपत्र करा, तोंडी नको. बोलणं फिसकटलं तर वकिलाची नोटीस लवकर पाठवा, कारण नॉमिनीने शेअर्स विकून पैसे खर्च केले की तुमचा हक्क कागदावर राहतो आणि वसुली कोर्टात. आणि सात वर्षं लाभांश कोणी घेतलाच नाही तर शेअर्स सरकारच्या आयईपीएफ निधीकडे वळतात. तिथून परत मिळतात, पण तो अर्ज भरणं म्हणजे वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

तो पुढच्या गुरुवारी करतोय. ज्यांच्याकडे वडिलांचे, आजोबांचे कागदी शेअर सर्टिफिकेट पेटीत पडलेत, त्यांनी कंपनीचं नाव आणि सर्टिफिकेटवर किती धारक आहेत एवढंच कळवा. फोलिओ नंबर, पॅन, फोटो काहीही पाठवू नका.